मुक्या लग्नाचा धवला

१

दुपारचे तीन वाजले की प्रणितची मोटारसायकल अंगणात लागायची. बूट उंबऱ्याबाहेर, हेल्मेट खुंटीवर, मग मोरीत डोक्यावर दोन तांबे पाणी. तेवढ्यात चंद्रावती तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढून ठेवायची आणि सोबत तोंडही चालवायची. "आज पन उशीर. कालवन निवलं. आता गिळ तसंच." तो गिळायचा. साडेतीनला आतल्या खोलीत जाऊन जुना डबा टीव्ही लावायचा. दोन महिने हा नेम चुकला नव्हता.

एकतीस वर्षांचा बाप्या. न्हावा शेव्याला जहाजावर चढून कंटेनर लोखंडी सळयांनी बांधतो आणि घरी येऊन जपानी गेम खेळत बसतो, हे चंद्रावतीला पटत नव्हतं. पण ती गप्प बसायची, कारण ते गेमचं मशीन कमळाकरने आणलेलं होतं. कमळाकर तिचा नवरा. प्रणित सात वर्षांचा असताना त्याने एका जपानी खलाशाला सुक्या सोड्यांची पिशवी दिली आणि बदल्यात हा करडा डबा आणि एक कॅसेट घरी आणली. पुढे एका जहाजावर काम करताना वाऱ्याने सुटलेली साखळी त्याच्या डोक्यात बसली आणि तो गेला. त्याला आता चौदा वर्षं झाली. तेव्हापासून मशीन माळ्यावर होतं.

लग्न ठरल्यावर प्रणितने ते खाली काढलं आणि पनवेलला नावेदच्या दुकानात नेलं. चंद्रावती सोबत होती. नावेदने डबा उघडला, आत फुंकर मारली. "मावशी, ही चीज आता म्युझियममधली. चित्र चालू करून देतो. आवाजाचा पार्ट जळलाय, तो दुनियेत कुठे मिळणार नाही."

म्हणून गेम मुका होता.

एका दुपारी ती चहा घेऊन खोलीत गेली. पडद्यावर एक पोर उभी होती, हातात तलवार, खांद्यावर लाल ओढणी. चंद्रावतीने उंबरा ओलांडला. तशी त्या पोरीने तलवार खाली ठेवली, ओढणी डोक्यावरून पुढे ओढली आणि मान खाली घातली.

चंद्रावतीच्या हातातली बशी वाजली. सासू खोलीत आली की सून करते, अगदी तसं.

२

"ही पदर घेते का रं मला बघून?"

"कोण?"

"ती तुझी तलवारवाली."

प्रणितने पडद्याकडे पाहिलं, मग आईकडे. "आये, तिला डोकं झाकायचं चित्रच नाय. चालते, मारते, बसते. बस्स."

"मग मी आंधली हाय?"

"बरं, बाहेर जा आनि परत ये."

ती गेली, आली. पोरीने डोकं झाकलं. प्रणितने कॅसेट उपसली, सदऱ्याला पुसली, परत बसवली. "जुनं हाय. चित्र फाटतं कधीकधी."

चंद्रावतीला ते पटलं. साडीसुद्धा घडीवर फाटते, ही तर पंचवीस वर्षांची कॅसेट. पण फाटलेलं चित्र वाटेल तेव्हा फाटायला हवं. शेजारची सुमती साखर मागायला आली आणि टीव्हीसमोर पाच मिनिटं उभी राहिली, तेव्हा ती पोर ढिम्म उभी होती. चंद्रावती आली की मात्र ओढणी पुढे.

मग तीही दुपारी तिथेच बसायला लागली, समोर तांदूळ निवडायचं सूप घेऊन. मनात म्हणे, बघू तर हिची कुळी कोणची.

गेम असा होता. एक वीर आणि ती पोर, तिचं नाव शिनो. वीराच्या डोक्यावर इंग्रजीत PRANIT लिहिलेलं. चंद्रावतीला इंग्रजी येत नव्हतं, पण मुलाच्या कामावरच्या पासावरची ही सहा अक्षरं तिला तोंडपाठ होती. दोघं काळ्या देवळांमधून जायचे आणि राक्षसांशी लढायचे. लढाई संपली की एका दिव्याखाली बसायचे. तिथे शिनो काहीतरी विचारायची आणि खाली दोन उत्तरं यायची, एक वर, एक खाली. आवडीचं उत्तर दिलं, फूल दिलं, फळ दिलं, की तिच्या नावाखाली एक लाल बदाम उमटायचा. जितके बदाम, तितका तिच्या तलवारीला जोर. आणि वीरावर घाव आला की ती मध्ये उडी घ्यायची. घाव तिला लागायचा. तिचा एक बदाम विझायचा.

"दर वेळेला हीच पुढं होते?"

"तसंच हाय ते. तिचा जीव जडला ना, मग ती हिरोला मार लागू देत नाय."

"आनि तुझा हिरो काय करतो? मागं उभा राहून टाळ्या पिटतो?"

प्रणित हसला. लिहिलेलं वाचायला तो फोन पडद्यासमोर धरायचा. फोन जपानी अक्षरांवर मराठी चिकटवायचा आणि ते मराठी ऐकून दोघं लोटपोट व्हायची. 'माझे हृदय भात आहे काय.' 'आपण शत्रू पिऊ या.' चंद्रावती चौथीपर्यंत शिकलेली. पाचवीत मास्तरने छडी उगारली तर तिने छडीच मोडली आणि शाळा तिथेच संपली. पण एवढं मराठी तिलाही कळत होतं. "हा फोन गाढवानं बनवला."

तरी त्या पोरीची उडी बघताना तिच्या हातातलं सूप थांबायचं.

३

चंद्रावती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असो नसो, धवलारीण लागतेच. ती मांडवात उभी राहून धवला गाते, नवरा-नवरीची नावं त्यात ओवते आणि लग्न लागतं. सव्वीस वर्षं तिने गव्हाण, उलवे, उरणपर्यंत लग्नं लावली होती. नाव घेतलं ते बांधलं गेलं. लोक तिच्या तोंडाला भीत आणि त्याच तोंडाला आमंत्रण देत.

तिला शिकवलं ओवे गावच्या गुणाबाईने, आणि शिकवताना दोन गोष्टी बजावल्या होत्या. सराव करताना धवल्यात नावं घ्यायची नाहीत, तिथे नुसतं गुणगुणायचं. आणि नावं घेतलेला धवला अर्धा टाकायचा नाही, मांडवाला आग लागली तरी.

प्रणितचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. पोरगी ओव्याची, धर्मराजची रंजिता. पनवेलच्या एका लॅबमध्ये रक्त काढायची. प्रणितनेच पसंत केलेली, दोन वर्षं फोनवर तासन् तास बोलून. तोंडाला तोंड देणारी, म्हणून चंद्रावतीलाही आवडलेली. "काकी, धवला तुम्हीच गायचा," ती म्हणाली होती. "नवऱ्याची आई गात नाही म्हणे. असू दे. मला दुसरी बाई नको."

त्या दुपारी चंद्रावती सूप घेऊन बसली होती आणि मनातल्या मनात याच लग्नाचा धवला घोळवत होती. पडद्यावर शेवटचा राक्षस पडला. शिनोच्या नावाखाली दहाच्या दहा बदाम पेटले. मग अंधार झाला आणि अंधारातून एक अंगण आलं. रांगेने दिवे, पांढरी वाळू, पलीकडे समुद्र. मधोमध ती दोघं समोरासमोर.

"झालं," प्रणित हळूच म्हणाला. "लहानपणी इथपर्यंत पोचलोच नवतो. लग्न हाय त्यांचं."

दोन्ही आकृत्या उभ्या राहिल्या. काही वाजत नव्हतं. दिवे हलत होते, लाटा हलत होत्या आणि आवाज नव्हता. मुंग्यांएवढे पाहुणे तोंडं उघडून मिटत होते. चंद्रावतीने जन्मात मुकं लग्न पाहिलं नव्हतं. मयताला लोक गप्प उभे राहतात तसे ते उभे होते. गायला घेतलं आहे हे तिचं तिला उशिरा कळलं.

*खाडीच्या पल्याड दिवा गो लागला*
*दिव्याच्या उजेडी नवरी उभी*
*नवरीला नेनारा कोनाचा कोन गो...*

इथे नाव येतं. सरावात इथे गुणगुणायचं. चंद्रावतीची नजर पडद्यावर होती, आणि तिथे, वीराच्या डोक्यावर, सहा अक्षरं होती.

*कमलाकराचा प्रणित गो.*

तोंडातून गेलं. तिला घाम फुटला. पण घेतलेलं नाव अर्धं सोडता येत नाही. थांबली असती तर काय झालं असतं, हे तिने पुढे कितीदा तरी स्वतःला विचारलं. त्या क्षणी सव्वीस वर्षांची सवय तिच्याहून मोठी होती. तिने नवरीचं नाव घेतलं. समुद्रापल्याडच्या घरची शिनो. पाचही कडवी म्हटली. शेवटी हात आपोआप सुपात गेला आणि मूठभर तांदूळ टीव्हीवर उडाले.

प्रणित टाळ्या वाजवत होता. "वा, आये. तुझा धवला आता जपानला पन गेला."

पडदा काळा झाला. चंद्रावती झाडू घेऊन आली. तांदूळ गोळा करायला वाकली आणि तशीच राहिली. टीव्हीखाली, चटईवर, कपाटामागे तिने हात फिरवला. एक दाणा नव्हता.

४

तिने स्वतःला समजावलं. तांदूळ टीव्हीच्या फटीत गेले असतील. धवला चुकून म्हटला, चित्रासमोर म्हटला, चित्राला काय कळतं. प्रणितनेही मशीन बंद करून वर फडकं टाकलं. गेम संपला होता.

चार दिवसांनी तो साडेचारला घरी आला. जेवला नाही. अंगावरचं केशरी जाकीट काढून दोन्ही हातांत धरून बसला.

"सळई निसटली, आये. चार कंटेनर उंचावरून. मी बरोबर खाली होतो. कोनी तरी ढकललं मला. जोरात. दोन हात लांब पडलो. सळई जिथं उभा होतो तिथं घुसली."

"कोनी ढकललं?"

"मागं कोनी नवतंच. पोरं म्हनतात मीच उडी मारली."

चंद्रावतीने जाकीट हातात घेतलं. डाव्या खांद्यामागे पाच बोटं उमटली होती. लांब, बारीक, बाईची. पिवळी. तिने वास घेतला. हळद होती. घरात लग्नाची हळद अजून दळलेली नव्हती.

जाकीट तसंच खाली ठेवून ती आतल्या खोलीत गेली. फडक्याखालून आवाज येत होता. बारीक, डास कानाशी यावा तसा, टिपटिप वाजणारा. जळलेल्या पार्टमधून. चाल ओळखायला तिला दोन श्वास लागले. तो तिचाच धवला होता, पाचवं कडवं.

तिने फडकं ओढलं. टीव्ही चालू होता. तेच अंगण, तेच दिवे. शिनो एकटीच उभी होती. चंद्रावतीला पाहून तिने ओढणी पुढे घेतली, पण डावा हात वर जाताना अडखळला, खांदा दुखावल्यासारखा. शेजारी नवरा नव्हता. नवरा बाहेर जाकीट काढून बसला होता.

तिने शिनोच्या नावाखालचे बदाम मोजले. दहा होते. आता सहा.

चंद्रावती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती, पायांत. पण छातीत वेगळंच होतं. लहानपणी बापाच्या होडीतून तिने एकदा खाडीच्या तोंडाशी मोठं जहाज अगदी जवळून जाताना पाहिलं होतं. वर बघता बघता मान मोडली, तरी ते संपेना. तसं वाटलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती ओव्याला गेली. रंजिताच्या दारावरून गेली, पण वर पाहिलं नाही.

गुणाबाई नव्वदीची. अंगणात उन्हाला बसून सुकी मासळी निवडत होती, निम्मी मांजराला जात होती. चंद्रावतीने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"नावं घेतलीस?"

"घेतली."

"दोनी?"

"दोनी."

"तरी म्हनतेस धवलारीन. तुझ्या जिभंला हाड कधी येनार?" म्हातारीने एक बोंबील उजेडात धरून पाहिला आणि टाकून दिला. "मग? आता काय पायजे?"

"पोराच्या लग्नाला दहा दिवस ऱ्हायले. रंजिताच्या नावाचा धवला गाऊ का?"

"पयली जिती हाय का?"

रात्रभर चंद्रावतीने हाच प्रश्न टाळला होता. शेवटी म्हणाली, "त्याच्यासाठी मार खाते. मेलेलं कोनी मार खात नाय."

"मग मला काय इचारतेस. तिला इचार." गुणाबाईने मांजराला हाकललं. थोड्या वेळाने, चेहरा न वळवता, म्हणाली, "तुझ्या कमलाकरासाठी अशी कोन मधी आली असती, तर तू तिला घालवली असतीस का गो?"

डोक्यावरून विमान गेलं. नवीन विमानतळावर उतरणारं, पोट दाखवत. दोघींनी ते जाईपर्यंत वाट पाहिली, आणि मग चंद्रावती उठून घराकडे निघाली.

६

लग्नाला चार दिवस असताना सकाळपासून वारा सुटला. चंद्रावतीने अंगणातला मांडवाचा कपडा उतरवला, बांबू घट्ट केले आणि दुपारी एकला हात धुऊन आतल्या खोलीत गेली. प्रणित सकाळीच कामावर गेला होता. जाऊ नको म्हटलं तर म्हणाला, "लग्नाची सुट्टी पुढं पडलीय, आज नाय गेलो तर तीच कापतील."

खिडकी बंद होती तरी पडदा हलत होता. तिने टीव्ही लावला नाही. तो लागलेलाच होता.

शिनो अंगणात गुडघ्यावर होती. तलवार वाळूत रोवून तिच्या आधाराने. ओढणी एका बाजूने फाटलेली. तरी चंद्रावतीला पाहताच ती उठली, डोकं झाकलं, मान खाली घातली.

बदाम तीन.

"हे बघ," चंद्रावती म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला, याचं तिलाच बरं वाटलं. "चूक माझी हाय. मी तोंडाळ, मी गायले. तुझी काय चूक नाय. पन माझ्या पोराचा जीव रंजितावर हाय. मानसाच्या पोरीवर. त्याला पोरंबाळं होऊ दे. तू मोकळी हो. तुला आमच्याकडून सोडचिठ्ठी."

समुद्राच्या बाजूचे दिवे एकेक करून वाकले, जसे वाऱ्याने वाकतात. शिनो अचानक वळली. तलवार उपसून पडद्याच्या कडेला धावली, दिसेनाशी झाली. चित्रात नुसती वाळू राहिली. टिपटिप थांबली. चंद्रावतीने एक ते वीस मोजले, पुढे मोजता येईना.

शिनो परत आली. चालत. एक बदाम फडफडला आणि विझला.

दोन.

मग खाली जपानी अक्षरं उमटली. विचारल्यासारखी एक ओळ, तिच्याखाली दोन उत्तरं. एक वर, एक खाली.

चंद्रावतीने कमरेचा फोन काढला. प्रणितने शिकवलं होतं तसा पडद्यासमोर धरला. अक्षरं नाचत होती. मग ती बसली. तिने बोटाखाली धरून, ओठ हलवत, एकेक शब्द वाचला. गाढवाने बनवलेला तो फोन. भाताचं हृदय करणारा. आज त्याने एक चूक केली नव्हती.

*आये, मी जाव का?*

वरचं उत्तर: *जा.* खालचं: *ऱ्हा.*

जपानी नाही, शाळेतलं मराठी नाही, फोनचं तर नाहीच. तिच्या स्वतःच्या घरातली बोली. सून माहेरी निघताना विचारते तसं.

गेम खेळायचा बटणांचा पाट चंद्रावतीच्या मांडीवर होता. तो कधी घेतला, तिला आठवत नव्हतं. 'जा' वर खूण लुकलुकत होती. नुसतं दाबायचं होतं. चार दिवसांनी मांडव, रंजिताच्या कपाळाला बाशिंग, आपला गळा मोकळा. तिला रंजिताचा आवाज ऐकू आला, मला दुसरी बाई नको. आणि बाहेर वारा पत्रे वाजवत होता, आणि त्या वाऱ्यात कुठेतरी चार कंटेनर उंचीवर तिचा एकुलता एक पोर होता, आणि त्याच्या मागे कोणी उभं नसणार होतं.

चौदा वर्षांपूर्वीही असाच वारा होता. त्या दिवशी तिला कोणी विचारलं नव्हतं.

दोन बदाम. ही पोर दोनच्या जोरावर अजून उभी आहे. ते संपले तर आपलं काय होईल, हे शिनोने विचारलं नाही. फक्त जाण्याची परवानगी मागितली, तीही मान खाली घालून, आणि नाही म्हटलं तर राहायला तयार.

चंद्रावतीने खूण खाली नेली. दाबलं.

पडद्यावर बराच वेळ काही झालं नाही. मग शिनोने, पहिल्यांदाच, ओढणी मागे सारायला हात वर नेला. चंद्रावतीला तिचं कपाळ दिसलं, एवढंच. पडद्यावर ते बोटाच्या पेराएवढं होतं, पण दिसलं तेव्हा खोली लहान पडली, भिंती मागे सरकल्यासारख्या झाल्या, आणि ओल्या लोखंडाचा आणि हळदीचा वास नाकातोंडात भरला. त्या कपाळावर तांदळाचे दाणे चिकटलेले होते. चंद्रावतीने निवडलेले. एक मोडका दाणा तिने ओळखला.

त्यापुढे तिने पाहिलं नाही. चंद्रावती सासऱ्यासमोर कधी डोकं झाकत नव्हती, सरपंचासमोर नाही, देवळात पुजारी ओरडला तेव्हाही नाही. तिने खांद्यावरचा पदर ओढला, डोक्यावरून पुढे घेतला आणि मान खाली घातली.

तशीच ती बसून राहिली. अंगणात मोटारसायकल लागली. बूट उंबऱ्याबाहेर, हेल्मेट खुंटीवर. मोरीत पाणी पडलं नाही. प्रणित सरळ आत आला आणि दारातच थांबला. त्याच्या केशरी जाकिटावर दोन्ही खांद्यांना पिवळी बोटं होती.

"आये, आज परत..." तो म्हणाला, आणि पुढचं विसरला. आईला त्याने असं कधी पाहिलं नव्हतं. "पदर कशाला घेतलास? कोन आलंय घरात?"

"आलंय नाय," चंद्रावती म्हणाली, वर न बघता. "हाय. पाय धू आनि दोन घास खा. मग आपुन ओव्याला जाऊ. रंजिताला मी माझ्या तोंडानं सांगनार हाय, आनि ती देईल त्या शिव्या खानार हाय."

"काय सांगनार?"

ती उठली, चुलीपाशी गेली, आणि कितीतरी वर्षांनी तीन ताटं मांडली.